रिकाम्या डबीचं परीक्षण

सुताराला कानसेन हे नाव औषधवाल्याने ठेवलं, तेही चिडून. रविवारच्या मंडळात एकदा चार वाद्यांची एक जुनी रेकॉर्ड लागली होती. दोन व्हायोलिनं, एक त्याहून जाड आवाजाचा व्हियोला, एक खुर्चीत बसून वाजवायचा खर्जातला चेलो. सगळे तल्लीन झालेले असताना सुतार डोळे मिटूनच म्हणाला, की चेलोवाल्याच्या खुर्चीचा सांधा सैल आहे. औषधवाल्याने ते हसण्यावारी नेलं. रेकॉर्ड पुन्हा लावली, अकरा जणांनी कान टवकारले, आणि संथ भाग संपता संपता खरोखरच खुर्ची करकरली. या गोष्टीला वीस वर्षं झाली, पण औषधवाल्याला ती अजून पचलेली नाही.

मंडळ भरायचं वाचनालयाच्या वरच्या खोलीत, रविवारी सकाळी दहाला. रेकॉर्डींचं कपाट कानसेननेच करून दिलेलं, आणि त्याची किल्लीही त्याच्याकडेच असे. दाराजवळ एक फळा होता आणि त्यावर लिहिलेलं, 'सध्या काय ऐकतोय'. ज्याने त्याने आठवडाभर काय ऐकलं, कोणी वाजवलंय, कसं वाटलं, हे कागदावर लिहून तिथे टाचायचं. कानसेनचा कागद सगळ्यांत आधी वाचला जाई. शाळा आठवीपर्यंतच झालेली, अक्षर किडामुंगीचं, पण त्याने चांगलं म्हटलं की लोक ते रेकॉर्डिंग डोळे झाकून विकत आणत. त्याने नावं ठेवली की औषधवाला भांडायला उभाच. मग शिपाई किल्ल्या वाजवेपर्यंत दोघांची जुंपलेली असे.

चाळीस वर्षं करवतीच्या मशीनशेजारी उभं राहिल्यावर कान कुरकुर करणारच. गिऱ्हाईक एकच गोष्ट तीनदा सांगायला लागलं, तेव्हा बायकोने हट्टाने त्याला कानाचं यंत्र घ्यायला लावलं. यंत्राच्या दुकानातल्या बाईंनी अर्ज भरून घेतला, कान तपासले आणि यंत्र बसवलं. ते घालून तो बाहेर आला आणि रस्त्यावरची माणसं लख्ख ऐकू आली. माणूस खूश झाला. घरी येऊन त्याने आवडती व्हायोलिनची रेकॉर्ड लावली, तर कोणी पत्र्यावर खिळा ओढतंय असा आवाज. लांबवलेला सूर मध्येच थरथरून तुटायचा. यंत्र काढलं, तर व्हायोलिन गायबच. तीन दिवस त्याने धीर धरला, चौथ्या दिवशी घरातलं रेकॉर्डींचं कपाट बंद करून टाकलं.

हे त्याने कोणाला सांगितलं नाही. त्याला भीती वाटत होती, आणि ती साधी होती. मंडळात कोणी डॉक्टर, कोणी वकील, कोणी प्राध्यापक. या मंडळींत त्याला खुर्ची मिळाली होती ती कानांच्या जोरावर. कानच गेले तर तिथे तो कोण?

मग त्याने आठवणीतून लिहायला सुरुवात केली. जुन्या रेकॉर्डी तर तोंडपाठ होत्या. एकेक काढायची आणि कालच ऐकल्यासारखं लिहायचं. बैठकीत योग्य जागी मान डोलवायची. मान डोलवायला कान लागत नाहीत, हे त्याला तेव्हा कळलं. असे चार महिने निभावले.

पाचव्या महिन्यात भूगोलाच्या बाईंनी घोटाळा केला. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना सात वर्षं झाली होती, पण सगळे त्यांना भूगोलाच्या बाईच म्हणत. त्यांनी एक नवी सीडी मागवली होती. रचना तीच, सैल खुर्चीवाली, पण वाजवणारी चार तरुण मुलं. हिच्यावर आधी तुम्ही लिहा, असं म्हणून त्यांनी डबी त्याच्या हातात ठेवली. नाही कसं म्हणणार? घरी येऊन त्याने ती कपाटावर ठेवली आणि आठवडाभर तिला हात लावला नाही. शनिवारी अर्धं पान लिहिलं. पोरांचा हात तयार आहे, पण वयाची घाई दिसते, संथ भागात दम धरवत नाही, चेलो तेवढा पाय रोवून उभा आहे, वगैरे.

रविवारी कागद वाचून औषधवाला नेहमीसारखा तापला. बाईंनी मात्र तो दोनदा वाचला, चष्मा काढून पुसला आणि एवढंच विचारलं, की उद्या दुकान उघडं आहे ना.

सोमवारी त्या दुकानात आल्या तेव्हा कानसेन एका दाराची कड रंध्याने तासत होता. बाईंनी पर्समधून रुमालात गुंडाळलेली सीडी काढून टेबलावर ठेवली.

"ही माझ्या मशीनमध्येच राहिली होती," त्या म्हणाल्या. "डबी मी तुम्हाला चुकून रिकामीच दिली. मला वाटलं, तुमचा फोन येईल."

पितळ असं उघडं पडल्यावर माणूस आधी थाप शोधतो. त्यालाही एक सुचली, अगदी जिभेवर आली. पण या बाई हे काल अकरा जणांसमोर बोलू शकल्या असत्या, तरी आज रुमालात बांधून घेऊन आल्या, हे लक्षात आलं आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

"बाई, चार महिने मी काहीच ऐकलेलं नाही," तो म्हणाला. "या यंत्रातून माणसं ऐकू येतात. वाद्यं येत नाहीत."

मंडळाच्या कपाटाची किल्ली खिळ्यावर टांगलेली होती, ती काढून त्याने बाईंपुढे धरली. बाईंनी ती घेतली नाही. धीराचे चार शब्दही बोलल्या नाहीत. वर्गात विचारावं तसं विचारलं, की यंत्र देणाऱ्यांना, तुम्ही संगीत ऐकता हे सांगितलंत का?

नव्हतं सांगितलं. अर्जात काय ऐकू येत नाही असा रकाना होता, तिथे त्याने गिऱ्हाइकांचं बोलणं एवढंच लिहिलं होतं. नखांत डिंक भरलेल्या माणसाने तिथे बसून व्हायोलिनच्या गोष्टी करायच्या, म्हणजे उगाच भाव खाल्ल्यासारखं वाटलं असतं.

एवढ्यात मागच्या खोलीतून त्याची बायको चहा घेऊन आली. तिने सगळं ऐकलं होतं.

"मी विचारलं कपाट बंद का, तर म्हणाले, बिजागरी बिघडलीय," ती बाईंना म्हणाली. "सुताराच्या घरात बिजागरी चार महिने बिघडलेली असते का हो?"

दुसऱ्या दिवशी तीच त्याला यंत्रवाल्या बाईंकडे घेऊन गेली. त्यांनी सगळं विचारून घेतलं आणि सांगितलं, की यंत्र बोलण्यासाठी लावलेलं आहे. अशा यंत्रात कधीकधी आपोआप शिट्टी वाजते, व्हायोलिनचा लांब सूर म्हणजे तीच शिट्टी असं त्याला वाटतं, आणि ते इमानेइतबारे तो सूर दाबून टाकतं. त्यांनी संगीतासाठी वेगळी जोडणी करून दिली, बटण दाबलं की लागणारी. स्पष्टही बोलल्या. गेलेलं सगळं परत येणार नाही. रोज अर्धा तास ऐका, काही महिने ऐका, डोक्याला नव्याने ओळख करून घ्यावी लागते.

त्या संध्याकाळी त्याने बाईंची सीडी लावली. पहिल्यांदा नुसता चेलो आला, पण असा आला, की लाकूड चांगलं मुरलेलं आहे हे कळलं. बाकीचे तिघं बंद दाराआड कुजबुजत होते. तो उठला नाही. बुधवारी व्हियोला वेगळा कळला. शुक्रवारी संथ भागात पहिल्या व्हायोलिनने सूर लांबवला. तो बारीक होता, पूर्वीपेक्षा कितीतरी बारीक, पण शेवटपर्यंत टिकला.

"अगं, तुटला नाही," तो ओरडला.

बायको आतून धावत आली, तिला वाटलं काचेचा ग्लास पडला. नवरा खुर्चीत बसून रडत होता आणि हसतही होता. ती शेजारी बसली, आणि लग्नानंतर प्रथमच तिने एक अख्खी रचना ऐकली. अर्थात मध्ये दोन डुलक्याही काढल्या.

रविवारी फळ्यावर नवा कागद लागला. 'मागच्या वेळी मी न ऐकता लिहिलं. डबीत सीडीच नव्हती. गेले चार महिने सगळं आठवणीतून लिहीत होतो, कारण यंत्रातून मला वाद्यं ऐकू येत नव्हती. सध्या ऐकतोय ती हीच सीडी, आठवड्यात नऊ वेळा. चेलो पूर्ण. व्हियोला बहुतेक. व्हायोलिनं अर्धी, रोज थोडी जास्त. पोरं घाई करत नाहीत. घाई माझी होती.'

कानसेन खिशातली किल्ली मुठीत धरून उभा राहिला. औषधवाल्याने कागद सावकाश वाचला, आणि तो आता काय बोलतो म्हणून सगळे त्याच्याकडे बघायला लागले. तो कानसेनजवळ आला, त्याला हाताला धरून खिडकीपाशी घेऊन गेला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "त्या यंत्रवाल्या बाईंचा पत्ता दे. दोन वर्षं मी नुसता तुझा कागद वाचून भांडतोय."

कानसेनने किल्ली पुन्हा खिशात टाकली आणि पत्ता लिहून दिला. नंतर बैठक सुरू झाली आणि पाचच मिनिटांत दोघांची पहिल्या व्हायोलिनवरून जुंपली.

निघताना भूगोलाच्या बाईंनी पुढच्या आठवड्यासाठी आणखी एक सीडी त्याच्या हातात दिली. त्याने मान डोलवली, पिशवी उघडली, आणि मग थांबून सगळ्यांच्या देखत डबी उघडून आत बघितलं.