गडद रंगाचं घराणं

आमच्या घरातल्या बायकांना फिकट रंग चालत नाहीत, हे मला अगदी लहानपणापासून माहीत होतं. आजी, आत्या, आई, कुणाचंही कपाट उघडा: मरून, गर्द निळा, काळपट जांभळा. कुणी विचारलंच तर आई मानेला झटका देऊन सांगायची, “आम्ही रंगारी! आमचा रंग पक्का.” म्हैसूरमध्ये आमच्या घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या कापड रंगवलं, छापलं. आता वडील मेटगळ्ळीच्या कारखान्यातून निवृत्त झालेत आणि मी हेब्बाळला कॉम्प्युटरपुढे बसते, पण तो तोरा काही उतरलेला नाही.

हाच ‘पक्का रंग’ घरात आणखी एका गोष्टीसाठी वापरला जायचा, हळू आवाजात आणि हसत हसत. पाळीसाठी. शाळेत असताना माझा स्कर्ट पहिल्यांदा खराब झाला, तेव्हा आई म्हणाली होती, “आपल्याकडे असंच गं कणे. रंगाऱ्यांचा रंग तो, सुम्ने, असा उगाच जाईल का?” मला तर गंमतच वाटली. आपण काहीतरी खास आहोत असं वाटलं!

त्या खासपणापायी मी पुढे काय काय केलं! एकावर एक दोन पॅड, वर काळी सलवार. कंपनीच्या बसमधून उतरताना आधी सीटकडे नजर, मग पाऊल. मीटिंग लांबली की जीव टांगणीला. मोठमोठ्या गुठळ्या पडायच्या, ऑफिसचा एक जिना चढले की धाप लागायची, आणि डब्यातले कच्चे तांदूळ मूठभर तोंडात टाकावेसे वाटायचे. आईला सांगितलं की तिचं उत्तर तयार असायचं. होतं गं, सगळ्यांना होतं.

मग लग्न झालं, आणि मला मूल हवं होतं. मनापासून हवं होतं, नवऱ्याहूनही जास्त. ते राहत नव्हतं म्हणून एका डॉक्टरांकडे गेलो, तर त्यांनी सोनोग्राफीचा कागद उलटसुलट केला आणि म्हणाले, “गाठी आहेत. मुलाचं कठीणच दिसतं. शेवटी पिशवी काढावीच लागते अशात.” पिशवी! जणू मी बाजारातून परत येताना ती दाराशी टांगून ठेवणार होते. मी रागानं लाल झाले, आणि स्कूटरवर नवऱ्याच्या मागे बसून घरापर्यंत रडत आले.

दुसऱ्या डॉक्टरांकडे आईच मला ओढत घेऊन गेली. या बाई होत्या, आईशी कन्नडमध्ये बोलत होत्या. स्क्रीनकडे बघत त्या सहज म्हणाल्या, “एरडु गड्डे इदे.” दोन गड्डे आहेत. आईचा हात माझ्या मनगटावर घट्ट झाला. कन्नडमध्ये गड्डे म्हणजे गाठ, पण आमच्या घरात तो शब्द फक्त कॅन्सरसाठी वापरला जायचा, तोही दार लोटून.

मग आईनं सगळा धीर गोळा करून कन्नडमध्येच विचारलं, “केवढी? आलूगड्डेएवढी?”

आलूगड्डे म्हणजे बटाटा! डॉक्टरबाई खळखळून हसल्या. मलाही हसू फुटलं, आणि हसता हसता रडूही. “अम्मा, ही कॅन्सरची नाही,” त्या म्हणाल्या. “गर्भाशयाच्या स्नायूचीच गाठ आहे, फायब्रॉइड. कितीतरी बायकांना असते आणि ती कॅन्सरची असणं फार दुर्मीळ.” त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. मोठी गाठ होती ती बाहेरच्या अंगाला, लिंबाएवढी, आणि ती बिचारी कुणाच्या अध्यात ना मध्यात. खरी चोर होती ती आतली, बोराएवढी! नेमकी जिथे बाळानं रुजायचं त्या पोकळीत घुसून बसलेली. रक्त तिच्यामुळे जात होतं, धाप त्या गेलेल्या रक्तामुळे लागत होती. तांदूळ खावेसे वाटणंही अंगात लोह नसल्याची खूण निघाली. एकेक धागा सुटत होता आणि मला खुर्चीत बसवेना. मी खास नव्हते, मला आजार होता! त्याला नाव होतं! आणि आतली गाठ खालच्याच वाटेनं दुर्बीण घालून काढता येणार होती. पिशवी जागच्या जागी.

“मूल होईलच असं वचन देत नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या, “पण वाट मोकळी करून देते.” मला तेवढं पुरे होतं.

निघताना त्यांनी आईला विचारलं, “तुमचीही पाळी अशीच होती?”

“हो तर!” आई ताठ झाली. “आमच्या घरात सगळ्यांचीच.”

“घराण्यात असू शकतं, ते खरं. पण इतकं जाणं बरोबर नाही, अम्मा. तुमच्यावरही इलाज झाला असता.”

आईनं माझी फाईल उचलली आणि बाहेर जाऊन रिक्षा थांबवली.

आधी लोहाच्या गोळ्या झाल्या, रक्त वाढलं, मग गाठ निघाली. त्यानंतरच्या एका पाळीत मी दुपारी बाथरूममध्ये गेले आणि बघतच राहिले. एवढंच? जगातल्या बाकी बायकांना एवढंच? एरवी पाळी आली की मूल राहिलं नाही म्हणून उदास व्हायचे, त्या दिवशी मात्र नाचायचीच बाकी होते. तशीच दुकानात गेले, मोतिया रंगाचा कुर्ता घेतला, तिथेच घातला आणि आईकडे पोचले.

“बघ! आज दुसरा दिवस आहे!” मी दारातच गिरकी घेतली.

आईनं मला आत ओढलं, सवयीनं मागून पाहिलं. कुर्ता स्वच्छ होता. तिनं त्याचं टोक बोटांत धरून कापड चाचपलं.

“तूही घे की असलं काहीतरी,” मी म्हटलं. “तुझी पाळी जाऊन किती वर्षं झाली! पण तुला तुझे गडद रंगच प्रिय.”

“मला?” आई म्हणाली. तिनं कुर्त्याचं टोक सोडलं नव्हतं. “मला कधीच आवडले नाहीत गं ते.”