राखीचा उजवा हात

आर्णीजवळच्या आमच्या तांड्यात नेमसिंगसारखा फवारणी करणारा दुसरा नव्हता. भरलेला पंप पाठीवर घेऊन तो उन्हात दिवस काढायचा आणि एक झाड सोडायचा नाही. मी जिनिंगमध्ये जन्मभर कापसाच्या गाठी ओढल्या. कोणाचं काम चोख आणि कोणाचं दाखवण्यापुरतं, ते मला कळतं. नेमसिंगचं चोख होतं. त्याच्या मुलीचं, राखीचंही.

राखी तेव्हा सातवीत होती. सुटीच्या दिवशी ती विहिरीवरून पाणी आणायची, पिंपात औषध कालवायची, बापाचा पंप भरून द्यायची. बाटलीच्या झाकणाने माप धरायची. माप पुरं झालं की वरून आणखी एक झाकण टाकायची. दुकानदार तोलून झाल्यावर मूठभर वर घालतो, तसं. हे तिला बापानेच शिकवलं होतं. शेतमालक खूश असायचे. "राखीच्या हातचं औषध असलं की अळी हलत बी नाही," म्हणायचे.

"पोरगी नाही ते," नेमसिंग म्हणायचा, "बंदूक आहे माही."

राखीला ते आवडायचं. औषधाची रिकामी खोकी फाडून त्यांच्या कोऱ्या बाजूवर ती चित्रं काढायची. चौकटी, चौकटीत माणसं, तोंडाजवळ फुगा आणि फुग्यात बोलणं. आर्णीच्या रद्दीवाल्याकडे कॉमिक्स मिळायची, त्यांच्यासारखं. तिच्या गोष्टीत जहरी नावाची मुलगी होती. राजाने तिला लहानपणापासून थेंब थेंब विष पाजून हत्यार केलं होतं. तिने बोट लावलं की शत्रूचं सैन्य आडवं.

वाचणारा मी एकटाच.

"हे पोरगी कधी जेवत नाही काय वो?" मी विचारलं.

"डोंगरकाका, सुपरहिरो जेवत नसते."

"मंग ते कामाची नाही. उपाशी माणसाच्यानं काम होत नाही."

पुढच्या खोक्यावर जहरी भाकर खात होती. पण भाकर हातात धरताच काळी पडली होती. तिने ते गंमत म्हणून काढलं होतं. आम्ही दोघंही हसलो.

दोन हजार सतरा साली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, माणसाच्या डोक्यावर गेली. अळीही तशीच माजली. उंच झाडावर मारायचं म्हणजे नळी वर धरावी लागते, आणि मारलेलं तोंडावर येतं. नेमसिंगने नाकाला दुपट्टा बांधला होता. दुपारी वारा फिरला. तो थांबला नाही. अर्धं वावर सोडून येणारा माणूस नव्हता तो. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, राखी पंप भरून देत राहिली. संध्याकाळी त्याला दिसेनासं झालं, उलट्या सुरू झाल्या. यवतमाळच्या दवाखान्यात नेला. तिथून आणला तो झाकून.

त्यानंतर तांड्यात फवारणीचं सामान वाटलं गेलं. चष्मे, तोंडाला बांधायचे कपडे, रबरी पिवळे हातमोजे. नेमसिंगच्या घरीही एक जोडी आली. राखीने ते हातमोजे घातले आणि काढले नाहीत.

भाकर थापणं तिने सोडलं. शेळीचं पिल्लू जवळ आलं की हात वर करायची. तिची आई धनीबाई जवळ घ्यायला गेली तर मागे सरकायची. जेवताना चमचा. शाळेत पोरं हसली, तर तिने शाळेत बसणंच सोडलं.

मी तिला समजावलं. पऱ्हाटी किती वाढली होती, वारा कसा फिरला, ओल्या पाठीतून औषध अंगात कसं जातं, सगळं सांगितलं. तिने नीट ऐकलं.

"वरचं झाकण कोणी टाकलं, काका?"

मी खोटं बोललो नाही.

खोक्यांवर आता जहरीच्याही हातात पिवळे हातमोजे आले. ती राजाकडून पळाली होती. गावोगाव फिरून विचारत होती, मले माणूस करून देता काय? कोणी दार उघडत नव्हतं.

पुढच्या वर्षी दिवाळी आली. आमच्यात अमावस्येला तांड्यातल्या बिनलग्नाच्या मुली दिवा घेऊन घरोघर जातात आणि घरातल्या प्रत्येकाचं नाव घेऊन त्याचं भलं मागतात. त्याला 'मेरा' म्हणतात. लग्न झालं की तो मान संपला. राखी जात नव्हती. धनीबाईने तिच्या हातात दिवा दिला.

"सगळ्याइकडं नको जाऊ. मलेच दे मेरा."

राखी उंबऱ्याबाहेर उभी राहिली. धनीबाईने तिचा डावा हात धरला आणि हातमोजा ओढून काढला. आतला हात पांढरा पडला होता, खूप वेळ पाण्यात राहिल्यासारखा सुरकुतलेला. धनीबाईने तो आपल्या गालाला लावला आणि तसाच धरून ठेवला. राखी श्वास रोखून आईच्या, तिच्या याडीच्या, तोंडाकडे पाहत होती.

"याडी, डोळ्यापुढं अंधारी येते काय?"

"नाही."

"मळमळते?"

"भूक लागली मले. मेरा दे लवकर."

राखीने आईच्या नावाने मेरा दिला. आईने उजव्या हाताकडे हात नेला, तेव्हा तिने तो पाठीमागे घेतला.

"हा नको. झाकण यानंच धरलं होतं."

"मंग बापाच्या नावानं मेरा त्याच हातानं दे."

"पुढच्या दिवाळीले."

पुढच्या दिवाळीलाही तिने तेच सांगितलं. त्यापुढच्याही. डाव्या हाताने भाकरी थापायला ती शिकली. एका हाताची भाकर, पण कडा फाटलेली नसायची. शेवटच्या खोक्यावर जहरी आईजवळ बसून जेवत होती. एका हातात भाकर, दुसरा हात पाठीमागे. पुढे काय होतं, विचारलं तर म्हणाली, "अजून ठरलं नाही."

राखी एकोणीस वर्षांची झाली, तेव्हा बोरी अरबकडच्या तांड्यातलं स्थळ आलं. उजव्या हातात हातमोजा का, तर गजकर्ण आहे, असं धनीबाईने त्यांना सांगितलं. मुलगा चांगला होता, त्याने विचारलं नाही.

निघताना आमच्यातली नवरी एकेकाच्या गळ्यात पडून गाऊन रडते. राखी आईच्या गळ्यात पडली, बायांच्या पडली. शेवटी माझ्याकडे आली. मोठ्याने रडली. ओढलेल्या गाठींनी माझी पाठ वाकली आहे, पण पाठीला अजून सगळं कळतं. पाठीवर राखीचा एकच हात होता, डावा.