बॅटरीची आरती

गॅस एजन्सीत किस्से जमवावे लागत नाहीत. रिकाम्या टाक्या कशा आपोआप गोडाऊनला परत येतात, तसे ते येतात आणि कोपऱ्यात साठत राहतात. मी बारा वर्षं आमच्या भागात गॅसचा मेकॅनिक होतो, सिरसाळ्याच्या अलीकडं. नव्वदीचं दशक. गावात एसटीडी बूथ आला, केबल आली आणि गॅस आला. पहिल्या दोघांना कुणी घाबरलं नाही. गॅसला मात्र सगळे घाबरले, आणि जे घाबरले नाहीत त्यांना मी घाबरायचो!

एजन्सीत आम्ही तिघंच. मालक अप्पा, कपाळाला भस्माचे तीन पट्टे आणि आवाज एकदम मऊ. हमीदभाई तीनचाकी टेम्पोतून टाक्या पोचवायचे. आणि मी. शेगडी जोडून द्यायची, आणि भडका होऊ नये म्हणून काय करायचं ते घरच्यांना शिकवायचं, हे माझं काम.

आता गंमत बघा. अख्ख्या गावाला गॅस शिकवणाऱ्या माझ्या घरी चूल! कारण माझी माय. मी लहान असताना रॉकेलच्या स्टोव्हचा भडका उडून तिचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला होता. तिनं मला सांगून टाकलेलं, "वैजू, टाकी घरात आली, की त्याच दिवशी म्या आष्टीला पोरीकडं चालले." इकडं सुनंदा, माझी बायको, दोन वर्षांपासून चुलीच्या धुरानं खोकून बेजार. बीडच्या डॉक्टरनं साफ सांगितलेलं, हिचा धूर बंद करा. मला बायको बी पाहिजे होती अन् माय बी! म्हणून रोज जेवताना मी मायला एजन्सीतले किस्से रंगवून सांगायचो, म्हटलं हसता हसता भीती मोडेल.

तिथंच चुकलं माझं.

*

एका पाटलांच्या घरी शेगडी जोडली. म्हटलं, "पाटील, टाकी बदलली की रेग्युलेटरपाशी साबणाचा फेस लावायचा. बुडबुडे आले तर समजायचं, गॅस लीक आहे. काडी ओढून बघायचं नाही." पाटलांनी मान हलवली.

दोन महिन्यांनी तिकडून चाललो होतो. बघतो तर अंगणात टाकी उन्हात उभी, खांद्यावर पंचा!

"पाटील, हे काय?"

"वाळत घातलीय. तुमी सांगितल्यापासून रोज साबण लावतो. अंगभर!"

मी डोक्याला हात लावला. पाटलांना वाटलं, त्यांचं काही राहिलं. घाईघाईनं म्हणाले, "अन् शनिवारी डोक्यावर तेल बी घालतो की!"

व्हॉल्व्ह पुसता पुसता माझी दुपार गेली.

*

आमच्या गोडाऊनवर पाटी होती, 'धूम्रपान सक्त मनाई'. एकदा एक म्हातारबा पाटीसमोर उभं राहून अक्षर अक्षर लावत वाचत होते. वाचून झाल्यावर मला विचारलं, "धूम्रपान म्हंजी काय, रं?" आणि बोलताना तोंडातून धूर निघत होता!

हमीदभाईंनी त्यांच्या तोंडातली बिडी काढून रस्त्यापलीकडं नेऊन चिरडली. दुसऱ्या दिवशी स्वतःच्या हातानं नवी पाटी रंगवली: 'इथं बिडी ओढली तर वर जाशील बे!'

ती पाटी सगळ्यांना समजली. बिडी मी बी ओढायचो, खोटं कशाला बोलू? पण गोडाऊनपासून लांब, पानटपरीवर. खिशात मात्र बंडल आणि काडीपेटी कायम असायची. काम संपलं की हात आपोआप तिकडं जायचा.

*

नवी वस्तू घरात आली की पूजा आलीच. सायकल असो, पंखा असो. गॅसला तर जास्तच. मी रेग्युलेटर बसवेपर्यंत घरची बाई ताट घेऊन उभी, ताटात हळदीकुंकू आणि पेटलेलं निरांजन! मी आधी निरांजन बाहेर पाठवायचो, मग खिडक्या उघडायचो, आणि मग माझा श्वास चालू व्हायचा.

एका मावशीनं मात्र ऐकलं नाही. "दिव्याबिगर ओवाळणं? असं कुठं असतं व्हय? ह्ये अशुभ हाय!" मी समजावतोय, ती ऐकेना. टाकी परत न्या म्हणाली. तेवढ्यात हमीदभाईंनी टेम्पोत ठेवलेली बॅटरी, म्हणजे टॉर्च, आणली, बटण दाबलं आणि ताटात ठेवली.

"लो मावशी. ये भी दिवाच. वारा आला तरी जात नाही!"

मावशीनं बॅटरीकडं बघितलं, टाकीकडं बघितलं आणि चक्क ओवाळलं. बॅटरीचा झोत भिंतीवर गोल गोल फिरला, घरातली पोरं टाळ्या पिटायला लागली. तेव्हापासून आमच्या एजन्सीची रीतच पडली. कनेक्शनसोबत शेगडी, नळी, रेग्युलेटर आणि बॅटरीची आरती!

हा किस्सा ऐकून सुनंदा पोट धरून हसली. माय म्हणाली, "बघ. दिवा दाखवायचा नसतो इतकी ती वंगाळ हाय. अन् ती तू माझ्या घरात आणणार?"

*

सगळ्यात मोठी धावपळ झाली ती अप्पांच्याच घरी. पिढ्यान् पिढ्या शाकाहारी घर, कांदासुद्धा हिशेबात. सकाळी निरोप आला, स्वयंपाकघरात गॅसचा वास येतोय. मी मोपेड हाणत गेलो. सगळ्यांना बाहेर काढलं, दारं-खिडक्या उघडल्या, लाइटच्या बटणाला हात लावू दिला नाही. गॅसला मुद्दाम घाण वास टाकलेला असतो, लीक झाला तर कळावा म्हणून. हा वास तर फारच घाण होता. पण रेग्युलेटरला फेस लावला, नळीला लावला, एक बुडबुडा नाही!

मग टाकी बाजूला सरकवली. मागं पिशवीत सहा अंडी. त्यातली दोन फुटलेली, कधीची कोण जाणे.

दारात अप्पांचे धाकटे भाऊ काशिनाथअण्णा उभे. पंचेचाळिशीचा माणूस, पण हात जोडलेले आणि डोळ्यात पाणी. मी पिशवी गुपचूप हत्याराच्या बॅगेत टाकली आणि बाहेर येऊन सांगितलं, "अप्पा, लीकेज होतं. काढलं."

"कशानं झालं?"

"वॉशर खराब झालं होतं."

चार दिवसांनी अप्पा दुकानात शांतपणे म्हणाले, "वैजनाथ, काशिनाथला सांग. पुढच्या वेळी वॉशर उकडून ठेव म्हणावं. कच्चं लवकर सडतंय."

*

आमच्याकडं दिवा 'विझव' म्हणत नाहीत. नारळ वाढवतात, बांगडी वाढवतात, तसा दिवाही 'वाढवतात'. एक सासूबाई तणतणत आल्या. "तुमच्या टाकीत गॅस कमी भरतेत! तीन हप्त्यात खलास!"

मी घरी गेलो. सगळं ठीक. पुण्याकडची नवी सून बिचारी रडवेली झाली होती. "मी काय करू? भाजी झाली की आत्याबाईच म्हणतात, गॅस वाढव!"

सासूबाई कपाळावर हात मारून म्हणाल्या, "अगं, म्या वाढव म्हणते, अन् तू खरंच वाढवतीस व्हय?"

*

हे सगळे किस्से मी घरी सांगितले, आणि माझेच किस्से माझ्या मुळावर आले. माय बोटं मोजून दाखवायची, "ह्याच्या घरी तेल, त्याच्या तोंडात बिडी. टाकी न्हाई, यमदूत हाय!"

मग एकदा भाकरी करता करता सुनंदाला अशी ढास लागली, की तिला श्वास घेता येईना. चुलीपुढंच आडवी झाली. मी पाणी घेऊन धावलो. मायनं तिचं डोकं मांडीवर घेतलं, पदरानं वारा घातला. सुनंदा सावरली तेव्हा माय माझ्याकडं न बघता म्हणाली, "आण तुझी टाकी. आष्टीला न्हाई जात म्या. हितंच बसते, तिच्यावर ध्यान ठिवून."

दुसऱ्याच दिवशी टाकी आली. हमीदभाईंनी स्वतःच्या खांद्यावरून आत आणली, अप्पांनी नारळ पाठवला. मायनं चूल सकाळीच वाढवली होती. आता ती स्वयंपाकघराच्या दारात बसली, एका बाजूला घमेलंभर वाळू, दुसऱ्या बाजूला पाण्याची बादली. मी हसलो. म्हटलं, "माय, बारा गावांना शिकवलंय तुझ्या पोरानं."

रेग्युलेटर बसवला. खटका दाबला. झालं! दोन वर्षांचं ओझं उतरलं. इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं, की हात आपोआप खिशात गेला. बिडी ओठात. काडी पेटीवर टेकवली...

अख्खी बादली माझ्या तोंडावर बसली!

"फेस कोण लावणार?" माय ओरडली. "तुझा बाप?"

मी निथळत उभा. बिडीचा लगदा झालेला. मुकाट्यानं साबण घेतला, फेस केला, रेग्युलेटरपाशी लावला.

बुडबुडे आले.

हमीदभाई नुसते "या अल्ला" म्हणाले आणि खिडक्या उघडायला लागले. खटका बंद करून रेग्युलेटर काढला, तर आत वॉशरच नव्हतं. नवं वॉशर बसवलं. पुन्हा फेस लावला. एक नाही, दोन नाही, तीनदा. एकही बुडबुडा आला नाही. सुनंदाकडं बघायची माझी हिंमत नव्हती.

मायनं बॅटरी घेतली, टाकीला ओवाळलं आणि म्हणाली, "राहू दे हिला. हिची भीती गेली माझी."

महिन्याभरानं माझा वाढदिवस आला. सुनंदानं गॅसवर शिरा केला, एकदाही खोकली नाही. मला पाटावर बसवलं, कुंकू लावलं. माय ताट घेऊन आली. ताटात अक्षता, सुपारी आणि बॅटरी!

सुनंदा म्हणाली, "आत्याबाई, टाकीचं ठीक हाय. ह्यांना तरी निरांजनानं ओवाळा की!"

मायनं बटण दाबलं, झोत माझ्या डोळ्यांवर मारला आणि म्हणाली,

"नगं बाई. टाकीचा आधी वास तरी येतो. ह्याचा तेवढा बी येत न्हाई!"