नव्या रायचा पहिला पाव

बेंगटाला स्वस्थ बसणं ठाऊकच नव्हतं. चुलीपाशी असली की गोठ्याची काळजी, गोठ्यात असली की चुलीची. उत्तरेकडच्या स्मोलंड प्रांतातल्या दगडाळ रानात निम्मं आयुष्य शेतातले धोंडे उचलण्यात गेलं, नवरा लवकर गेला, पोरगा एकटीनं वाढवला. कुणी हातावर हात ठेवून बसलेलं दिसलं की तिच्या डोक्यात तिडीक जायची. तोंड तर असं फटकळ की विचारू नका. पण सुनेवर जीव भारी. एल्ना लग्न होऊन आली तेव्हा शेजारची सिस्सा म्हणाली होती, "बघू, किती टिकते तुझ्यापुढं." टिकली की! वर सासूला उलट उत्तरंही द्यायला लागली, आणि बेंगटाला ते मनापासून आवडलं.

त्या वर्षी उन्हाळाभर ढग हटले नाहीत. राय म्हणजे आमचं पावाचं धान्य, त्याचं पीक शेतात भिजत उभं राहिलं आणि कणसांतून काळे, लांबुडके, कोंबड्याच्या नखीसारखे दाणे डोकावायला लागले. ते कुणी निवडून टाकले नाहीत. का टाकायचे? काळ्या दाण्यानं पीठ पुरवठ्याला येतं, हे आमच्याकडं झाडून साऱ्या बायकांना पक्कं ठाऊक होतं. बेंगटा तर खूश झाली. "पीक कमी दिलं, पण देवानं बरकत दिली बाई," असं म्हणत तिनं सगळं एकत्रच दळून आणलं.

नव्या पिठाचा मऊ पाव आधी पोटुशी किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईला द्यायचा, ही रीत. एल्नाची पोर तान्ही होती. बेंगटाचा पोरगा त्रुल्स लांब जंगलात कोळशाच्या भट्टीवर, तिकडंच खारा मासा खाऊन राहणारा. म्हणून ताजा पाव सगळा एल्नाला. बेंगटा आपली आढ्याच्या काठीला टांगलेला गेल्या साली भाजलेला कडक पाव पाण्यात बुडवून चघळायची.

"आई, तुम्ही पण घ्या की थोडा."

"मला काय करायचाय? मी काय बाळंतीण आहे? खा गुमान."

आधी एल्नाच्या बोटांना मुंग्या आल्या. मग त्या अंगभर पसरल्या. "कातडीखाली काहीतरी चालतंय हो," म्हणत ती दंड खाजवत घरभर फिरायची, दारापाशी जायची, परत यायची. दूध आटलं. पोर रडून रडून काळीनिळी पडायची. बेंगटानं काय करावं? दूध उतरावं म्हणून आणखी पाव वाढला. एल्नाला भूकही विलक्षण लागायची. भराभरा खायची आणि मग तिची बोटं आत वळायची, मनगटं वाकायची, आणि कोपऱ्यात कुणी नसताना ती कुणाला तरी विनवायची. एक दिवस पाळण्यात डोकावून म्हणाली, "ही कुणाची? माझी कुठं नेलीत?"

"झपाटलंय गं तिला," सिस्सा दारातूनच म्हणाली. तिचे दोन्ही हात एप्रनाखाली होते.

"तुझ्या जिभेला काही हाड? चल, नीघ!"

पण बोलायचं ते झालंच होतं. गावच्या पाद्रीबाबांनी एल्नाला आपल्या परसातल्या धुण्याच्या खोलीत ठेवून घेतलं आणि बेंगटाला सांगितलं, "बर्फ घट्ट होऊन घसरगाडी चालायला लागेपर्यंत वाट बघू. तोवर शुद्धीवर आली तर घरी ने. नाहीतर शहरातल्या वेड्यांच्या घरात पाठवावी लागेल." त्या घरातून कुणी परत आलेलं आमच्या गावानं पाहिलं नव्हतं. बेंगटा रोज सकाळी उठली की आधी आभाळाकडं बघायची आणि मगच पाळण्यातल्या पोरीला शेळीचं दूध पाजायची.

पाद्रीणबाई एल्नाला ताक आणि उकडलेले बटाटे द्यायची. बटाटे! तेव्हा बटाटा आमच्याकडं नवा, लोक तो डुकरांना घालायचे. बेंगटाच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तरी खरं सांगायचं तर एल्ना सावरत होती. बोटं सरळ झाली. पोरीला खिडकीशी आणली तर नाव घेऊन हाक मारली. बेंगटा तिथंच मुसमुसून रडली. मग डोळे पुसले आणि मनाशी म्हणाली, आता अंगात ताकद यायला पाहिजे. डुकराच्या खाण्यावर कशी येणार? दुसऱ्या दिवसापासून ती शालीखाली गरम पाव लपवून न्यायला लागली. "चटकन खा, पाद्रीणबाईला दिसू देऊ नकोस."

आणि सगळं परत आलं. मुंग्या, वळलेली बोटं, कोपऱ्यातलं कुणीतरी. पाद्रीबाबांनी मान हलवली. बर्फ भुरभुरायला लागलं होतं.

शेवटच्या खेपेला पाव घेऊन बेंगटा खिडकीशी गेली तेव्हा एल्नानं तो वाकड्या बोटांनी हिसकावून घेतला. तेवढ्यात काय वाटलं कोण जाणे, बेंगटानं तो तिच्या हातातून ओढून परत घेतला. एल्ना किंचाळली. बेंगटा पाव छातीशी धरून उभी. घरी पाव होता तेव्हा आजार होता. इथं पाव नव्हता तेव्हा नव्हता. मी आणला, आणि आला. ती तशीच पाद्रीबाबांकडं धावली.

"काहीतरीच काय, बेंगटाबाई! सगळा गाव तेच खातोय. देवाच्या अन्नात वेड असतं होय?"

बेंगटा घरी आली आणि खायला बसली. नव्या पिठाचा पाव सकाळी खाल्ला, दुपारी खाल्ला, गळ्याखाली उतरेना तरी खाल्ला. बाहेर बर्फ साठत होतं. तिला भीती वाटत होती, फार वाटत होती, पण त्याहून भीती ही की काहीच होणार नाही. शेवटी एका सकाळी बोटांत मुंग्या आल्या. "आल्या गं बाई!" ती मोठ्यानं म्हणाली, आणि पुढचा घास घेतला.

रविवारी प्रार्थना सुटली तेव्हा चर्चच्या दाराशी घोडा जुंपलेली घसरगाडी उभी होती. एल्नाला शाली गुंडाळून आत बसवलेलं. बेंगटा लटपटत पाद्रीबाबांसमोर गेली आणि दोन्ही हात पुढं केले. बोटं तळव्यात रुतली होती.

"घ्या, मलाही बांधा! एल्नाला झपाटलंय ना? मग मला कुणी झपाटलं? माझ्या तोंडापुढं एक तरी भूत टिकेल का, विचारा गावाला!"

कुणीतरी फिसकन हसलं. मग सिस्सा पुढं आली. तिनं एप्रनाखालचे हात हळूच बाहेर काढले. तिचीही बोटं वळलेली होती. "लाज वाटत होती," ती म्हणाली. पाद्रीबाबांनी दोघींची बोटं शेजारी शेजारी धरून बघितली. मग त्यांनी गाडीवानाला घोडा सोडायला सांगितला.

त्या हिवाळ्यात बेंगटाच्या घरी बटाटे शिजले. "माझ्याच हातानं खाऊ घातलं गं तुला," म्हणून ती एकदा हुंदके देऊन रडली, तेव्हा एल्नानं एक बटाटा सोलून तिच्या तोंडात कोंबला. "खा गुमान. डुकराचं आहे."

जुन्या पावात नव्हते ते काळे दाणेच, हे ध्यानात आलं होतं, म्हणून पुढच्या शरदात ते एकूण एक निवडले. तरी पहिला पाव भट्टीतून निघाला तसा बेंगटानं तो उचलून स्वतःपुढं ओढला. एल्नाला रीत आठवली. तिच्या पोटात तेव्हा दुसरं होतं. पण सासूनं कुणाला तुकडा मोडू दिला नाही. मरेपर्यंत दर शरदात तिनं हेच केलं. नवा पाव आधी एकटीनं खायची, काही दिवस जाऊ द्यायची, घर आपलं जुन्या पावावर. मग सगळ्यांपुढं हात धरून बोटं एकेक करून उघडून दाखवायची. करंगळी तेवढी कायमची वाकडी राहिली होती, ती सोडून बाकीची सरळ झाली की म्हणायची, "हं, खा आता."