कार्लने माझी पाठ धुतली

आधी कार्लचं नाव लिहितो. रूर भागातल्या या कोळसा खाणीतला म्हातारा कामगार, डाव्या हाताची दोन बोटं नसलेला. माझी पाठ त्याने धुतली. त्याचं नाव आधी, मग बाकीचं. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. चुकलं तर सांभाळून घ्या.

इथे पाळी संपली की सगळे वर येतात आणि एका मोठ्या न्हाणीघरात नागडे होतात. घरचे कपडे साखळीला बांधून वर छताशी टांगलेले असतात. गरम पाण्याखाली माणसं रांगेत उभी राहतात. ज्याने त्याने पुढच्याची पाठ घासायची. मग कुणीतरी ओरडतो, "फिरा!" सगळी रांग उलटी फिरते. ज्याची तुम्ही घासली, तो आता तुमची घासतो. मुकादम असो की काल लागलेला गडी. अशी इथली रीत.

पहिल्या दिवशी मी रांगेच्या शेवटी होतो, माझ्या पुढे आमचे साहेब होते. पुण्याचे इंजिनिअर. आमच्या चांदा जिल्ह्यातल्या खाणीने जर्मन यंत्रं घेतली, ती शिकायला आम्हा पाच जणांना पाठवलं. चार शिकलेले. पाचवा मी, गोंड. साहेब आमचे प्रमुख. मी त्यांची पाठ घासली. नीट घासली, मानेपासून कमरेपर्यंत. "फिरा!" झालं. मी फिरलो. पाठीवर हात पडेल म्हणून थांबलो. पडला नाही. मागे पाहिलं तर साहेब टॉवेल गुंडाळून बाजूला.

"साहेब, माझी?"

ते बाकीच्या तिघांकडे बघून हसले. "असू दे रे. काळ्यावर काळं कुणाला दिसतंय?"

तिघे हसले. मीही हसलो. त्या हसण्याची लाज मला अजून वाटते.

असे तीन महिने गेले. रोज मी रांगेत शेवटी, रोज मी त्यांची घासायची, रोज माझी तशीच. शर्ट आतून काळा. हॉस्टेलची बाई माझी चादर सगळ्यांसमोर धरून ओरडायची. मे महिन्यात महाराष्ट्र झाल्याची बातमी आली, तेव्हा साहेबांनी शिरा केला. "आता आपण मराठी माणसं सगळी एक," म्हणाले. सगळ्यांना बशीत वाढला. मला वर्तमानपत्राच्या कागदावर.

मी गप्प का होतो? गावाची शेतं खाणीने घेतली. आमच्या पेनाच्या, म्हणजे देवाच्या, जागेवर दगडमातीचा ढीग टाकला. गाव उरलं ते खाणीच्या डोक्यावर. बदल्यात नोकऱ्या देऊ म्हणाले. दिल्या. कोळशाच्या टोपल्या भरायच्या. छत काठीने वाजवून बघतो आणि माणसांना "जा आत" म्हणतो, त्याला आमच्याकडे सरदार म्हणतात. आमच्या गावचा एकही माणूस सरदार नाही. छत वाजवणारे बाहेरचे, त्याच्याखाली जाणारे आम्ही. माझा थोरला भाऊ असाच आत गेला आणि छत कोसळलं. बाहेर काढला तेव्हा बापाने त्याला कडदोऱ्यावरून ओळखला.

मला छताचा आवाज कळतो. म्हणून साहेबांनी मला निवडलं. ते उपकार मी नाकारत नाही. त्यांचा रिपोर्ट चांगला गेला की मी सरदार होणार होतो. गावातला पहिला. म्हणून गप्प.

एक दिवस कार्ल माझ्यामागे येऊन उभा राहिला.

"युंगे, तुझी पाठ कोण धुतं?" युंगे म्हणजे पोरा. एवढी जर्मन तोवर मला कळायला लागली होती.

"मीच."

"खोटं बोलतोस. तिथे हात पोचत नाही."

त्याने मला खांद्याला धरून वळवलं आणि ब्रश घेतला. तीन महिन्यांचा कोळसा. कातडी सोलते की काय असं वाटलं. काळं पाणी पायांवरून वाहत होतं आणि मी भिंतीकडे तोंड करून रडत होतो. साहेब बघत होते.

रविवारी कार्लने घरी जेवायला बोलावलं. स्वयंपाकघराच्या भिंतीत मोठी भेग होती. भेगेवर आडवी, प्लास्टरची बोटभर पट्टी, तिच्यावर पेन्सिलीने तारीख. पट्टी मधोमध तुटलेली.

"हे काय?"

"खाली खाण आहे," कार्ल म्हणाला. "पट्टी तुटली म्हणजे जमीन अजून हलतेय. कंपनीचा माणूस येतो, बघतो, गवंडी पाठवतो."

"कंपनी पाठवते?"

त्याची बायको हसली. "मग काय आम्ही पाठवायचा? फोडली कुणी?"

आमच्या घरालाही अशीच भेग. बाप खाणीच्या ऑफिसात गेला होता. तिथले बाबू म्हणाले, "मातीची भिंत, पावसानं फुटते." बाप घरी येऊन मायला म्हणाला, "पावसानं फुटली वो." मायने मान्य केलं. मी मान्य केलं. गावची बोडी, म्हणजे तळं, एका रात्रीत आटली, तेही मान्य केलं. फोडली कुणी, हे आमच्यापैकी एकानेही विचारलं नाही.

सोमवारी रांगेत साहेब माझ्या पुढे आले. पाठ केली. मी ब्रश घेऊन उभा.

"अरे, घास ना."

"नाही, साहेब."

"काय?"

"आज तुम्ही आधी. माझी घासा, मग तुमची."

कार्लला मराठी येत नाही. पण तो बाजूला शीळ घालत अंग धूत होता, ती शीळ थांबली. साहेब दबक्या आवाजात म्हणाले, "तुला इथे कुणी आणलं? तुझ्या रिपोर्टावर माझी सही असते, विसरलास?"

"नाही विसरलो."

ब्रश मी खाली ठेवला. साहेब तसेच निघाले. ट्रामपर्यंत मी त्यांच्या मागे चाललो. पांढऱ्या कॉलरला काळी कड आली होती.

रिपोर्ट गेला. इंग्रजीत. त्यांनीच बोलावून मराठीत ऐकवला. "उद्धट. सरदारीच्या कामास नालायक." मग म्हणाले, "जा, टोपल्या भर."

पुढच्या महिन्यात परत जायचंय. भीती वाटते. मायला काय सांगू, कळत नाही. टोपली तर टोपली. पण कार्लकडून पट्टी लावायला शिकलोय. पातळ लावायची, दोन्ही टोकं घट्ट दाबायची, तारीख घालायची. आमच्याकडे प्लास्टर नाही, चुना आहे. गावातल्या प्रत्येक भिंतीवर लावीन. तुटली की ऑफिसात जाईन. हाकलतील. दुसरी तुटली की पुन्हा जाईन, बापाला घेऊन. मग सगळं गाव घेऊन. तारीख उन्हाळ्याची असेल, आता पावसाचं नाव त्यांनी काढू नये.

कार्ल, तू तारखा घालायला तुझी सुताराची पेन्सिल मला दिलीस. कंपनीच्या गवंड्याने आमच्या गावची पहिली भिंत दुरुस्त केली की तिच्यावरची तुटकी पट्टी तुझ्या पत्त्यावर पाठवीन. तुझ्या पेन्सिलीने घातलेल्या तारखेसकट.