छबूबाईंनी टेबल हलवलं

छबूबाई रोज सकाळी सातच्या जीपने पुणतांब्याहून शिर्डीला यायच्या. तिथल्या एका हॉटेलात साफसफाईला लागून त्यांना एकोणीस वर्षं झाली होती. एवढ्या काळात त्यांनी तिथली माणसं कमी आणि जमीन जास्त जवळून पाहिली होती. कुठली फरशी पोकळ वाजते, कुठल्या खोलीत पाणी दाराकडे पळतं, सगळं त्यांना पाठ. बोलणं मात्र बेताचं. घरी नवरा छगन पेरूच्या बागेत दिवसभर झाडांशीसुद्धा बोलायचा, त्यामुळे बोलायचा वाटा त्यांनी त्याच्याकडेच सोपवला होता.

यंदाच्या पावसाळ्यानंतर हॉटेलच्या मालकांनी ऑफिसात जाडजूड गालिचा घातला. पाऊल घोट्यापर्यंत रुतावं असा. मॅनेजर निकिता नवीन होती, वयाने छबूबाईंच्या लेकीएवढी. तिच्या वाट्याला आलेलं टेबल जुनं, सागवानी, सहा खणांचं. गालिचा आला आणि ते पुढे कलून डुगडुगायला लागलं. लिहायला घेतलं की कॉम्प्युटर थरथरायचा, खण आपोआप उघडायचे. कोणीतरी पुढच्या पायांखाली पुठ्ठा सारला, तो दोन दिवसांत चेपला.

एका सकाळी चहाचा अख्खा कप कागदांवर उलटला. निकिताच्या डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी होतं. तिने सुनीलला बोलावलं. सुनील म्हणजे हॉटेलच्या दुरुस्तीचं बघणारा. "हे खिडकीजवळ घ्या," ती म्हणाली. सुनील आणि दोन वेटर खांदा लावून ढकलायला लागले. टेबल वीतभर सरकलं, पुढे गालिच्याची ही मोठी वळकटी झाली आणि एक पाय कर्रकन वाजला.

"मॅडम, मोडणार हे," सुनील घाम पुसत म्हणाला. "भंगारात द्या आणि नवं घ्या."

छबूबाई गुडघ्यांवर बसून सांडलेला चहा टिपत होत्या. त्यांनी भिंतीकडून टेबलाखाली हात घातला, चाचपलं आणि हळूच म्हणाल्या, "टेबलाचा काय बी दोष न्हाई."

"मग कुणाचा?" सुनील हसला.

निकिता हसली नाही. ती शेजारी खाली बसली. "सांगा मावशी."

"भितीच्या कडंनं गालिचा अडकवायला खिळ्यांची पट्टी मारलीय. मागचं पाय तिच्यावर चढल्यात आन् पुढचं मऊ गालिच्यात रुतल्यात. मग ते वाकंल न्हाईतर काय!"

"पण हलवायचं कसं?"

"आदी खन काढा समदे. निम्मं वजन त्यातच हाय."

खण निघाले. छबूबाई स्वयंपाकघरातून चार जड स्टीलच्या ताटल्या घेऊन आल्या. सुनील आणि वेटरनी एकेक कोपरा उचलायचा आणि त्यांनी पायाखाली ताटली सारायची, असं चार वेळा झालं.

"आता ढकलू नगा. खालून पायाला धरून वढा. सावकाश."

टेबल गालिच्यावरून असं सरकलं, की एक वेटर तोल जाऊन मागे बसला. सगळे खळखळून हसले, सुनीलसुद्धा.

"हे शिकलात कुठं?" त्याने विचारलं.

"गोदावरीला पानी आल्तं तवा धान्याची कोठी अशीच वढली. आमच्या घरचं मालक नुसतं वरडत हुते, कुनीतरी या म्हनून. कुनी येईस्तवर कोठी माळ्याच्या जिन्यापाशी हुती."

खिडकीजवळ, भिंतीपासून हातभर अंतर ठेवून टेबल उभं केलं. सुनीलने प्लायवूडचे चार रुंद तुकडे कापून आणले. ताटल्या निघाल्या, त्या जागी तुकडे बसले, म्हणजे आता पाय रुतायला नको. छबूबाईंनी वर पाण्याचा काठोकाठ भरलेला पेला ठेवला. पाणी एका बाजूने सांडलं. त्यांनी बोटाने डावा पाय दाखवला, सुनीलने तिथे आणखी एक पातळ चकती घातली. पुन्हा पेला भरला. या वेळी थेंबही सांडला नाही.

निकिताने दोन्ही कोपर टेकून पाहिले आणि लहान मुलीसारखी टाळी वाजवली. मग दोन चहा मागवले आणि समोरची खुर्ची पुढे ओढली. "बसा मावशी."

"मी? हितं?" छबूबाईंनी पदराने तोंड झाकलं. एकोणीस वर्षं ती खुर्ची त्यांनी पुसली होती, टेकल्या कधी नव्हत्या. शेवटी काठावर बसल्या. चहा अर्धा झाला तेव्हा थोड्या मागे सरकल्या. मग पुराची गोष्ट सुरू झाली. कोठीवरून छगनवर आली, छगनवरून पेरूंवर. निकिता हनुवटी तळहातावर टेकून ऐकत राहिली.

खाली दोन खोल्या झाडायच्या राहिल्यात, याची छबूबाईंना आठवण झाली तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते.