खराटेवाले प्रोफेसर

"आपण काहीच करायचं नाही," असं म्हनून ते टेकडीच्या पायथ्याशी उकिडवे बसत, चश्मा कपाळावर चढवत अन् सागाच्या तोडलेल्या बुडख्याकडं बिमार मानसाकडं पाहावं तसं पाहत. मोठ्या शहरातल्या युनिव्हर्सिटीत जंगलाचं शिकवनारे प्रोफेसर, अन् धडा काय, तं काहीच नाई कराचं! असे मास्तर मले लहानपनी भेटले असते तं मीबी मॅट्रिक झालो असतो.

स्वराज्य येऊन थोडेच वर्षं झाले होते. आमची धानोऱ्याकडची ती टेकडी तवा पार बोडखी. ठेकेदारानं साग नेला, मोहाचे झाडं तेवढे सोडले, उरलंसुरलं बकऱ्याईनं खाल्लं. प्रोफेसर पह्यल्यांदा आले अन् इचारलं, "एवढी साफसफाई कोणाच्या बकऱ्यांनी केली?"

मले वाटलं, साहेब इनाम देते. छाती फुगवून म्हनलो, "माह्याच जी!"

"वा! मग राखणदार तुम्हीच. बकऱ्यांच्या सगळ्या वाटा तुम्हाला ठाऊक."

असा मी अंगठा लावून युनिव्हर्सिटीत नोकरीले लागलो.

त्याईचं म्हननं सीधं होतं. बुडखे मेले नाईत, मुळं जित्ती हायत. बकऱ्या घुसू देऊ नका, आग लागू देऊ नका, जंगल आपल्या पायानं वापस येते. रोप लावाचं नाई, खड्डा खनाचा नाई. काही न करनं हे काम तं मले जन्मापासूनच येत होतं. माही बायको म्हने, "एवढे साल मी फुकट शिव्या देल्ल्या. याचा पगार भेटते हे मालूम असतं तं नवऱ्याले गादीवर बसवला असता."

हळूहळू बुडख्याले फोक फुटले, बांबू उठला. पन युनिव्हर्सिटीतले मोठे लोक हासत. झाड न लावता जंगल उगवते म्हनते, हा कसला प्रोफेसर? त्याईनं ठरवलं, चैतात येऊन पाहू. काही दिसलं नाई तं काम बंद, प्रोफेसरनं मुकाट्यानं वर्गात खडू घासाचा.

अन् चैत म्हनजे मोहाचा महिना. फुलं पहाटे गळतेत. खाली पाचोळा असला तं दिसत नाईत, म्हनून आमच्याकडं तो पाचोळा जाळाची रीत. आग वाऱ्यानं सुटली का टेकडी खाक. मी राखनदार! काठी घेऊन बायाईसमोर आडवा झालो. सगळ्याईच्या पुढं माहीच बायको. तिनं माहीच काठी हिसकली.

"मोह नाई वेचला तं पावसाळ्यात काय खाशीन? तुह्या साहेबाचा चश्मा?"

मी जो पळालो तो थेट प्रोफेसरजवळ. ते रागावले नाईत. दुसऱ्या दिवशी पहाटे पाहतो तं हे मोहाखाली वाकून खराटा मारून राह्यले! पायजमा वर खोचलेला, चश्मा नाकाच्या शेंड्यावर.

"वहिनी, तुम्हाला जमीन साफ हवी ना? मी झाडून देतो. काडी तेवढी लावू नका."

बायको पाहतच राह्यली. मंग म्हने, "सरका भाऊ. मानसाचं झाडनं म्हनजे कचरा इकडचा तिकडं." त्या दिवसापासून साहेबाचे ते भाऊ झाले. साऱ्या बायाईनं खराटे आनले, काडी कोनीच लावली नाई. एक खराटा मलेबी भेटला. काहीच न कराच्या नोकरीत पह्यल्यांदा घाम आला.

मोठे लोक आले तवाबी भाऊ झाडूनच राह्यले होते. त्याईच्यातले सगळ्यात मोठे साहेब टोपी सावरत म्हनले, "रोपांच्या ओळी कुठे आहेत?"

"लावल्याच नाहीत," भाऊ म्हनले.

साहेब माह्याकडं वळले. "मग तू इतकी वर्षं काय केलंस?"

मी कडक सलाम ठोकला. "काहीच नाई केलं जी! मन लावून नाई केलं!"

भाऊनं कपाळाले हात लावला. साहेब तनतनत एकटेच टेकडीत घुसले. लय वेळ झाला, बाहेर येतच नाईत. भाऊ म्हनले, "जा, घेऊन या त्यांना."

मी शानमधी गेलो. माह्याच बकऱ्याईच्या वाटा! पन वाटा कुठी? बांबूनं अन् फोकाईनं साऱ्या बुजल्या होत्या. काट्यात धोतर अडकलं, ते सोडवता सोडवता दिशाच हरपली. एका बांबूच्या बेटापाशी साहेब भेटले, बिना टोपीचे.

"बरं झालं आलास. बाहेर कसं जायचं?"

"मी तुमालेच इचारनार होतो जी."

मंग आमी दोघंबी बोंबललो. बायको बाहेरून ओरडत राह्यली, "इकडं या रे हरवलेल्याहो!" त्या आवाजावर निघालो. साहेब खाली बसले, पानी पेले अन् म्हनले, "राखणदारच हरवतो, म्हणजे जंगल आहे. चालू द्या तुमचं."

भाऊ चश्मा पुसत राह्यले, लय वेळ.

पुढं केस पिकले तरी दर चैतात ते येत, अन् पह्यले खराटा मांगत. एका चैतात आले नाईत. त्याईच्या हाताखाली शिकलेला एक मानूस आला, हातात गुलमोहराचं रोप. म्हने, "सर गेले. त्यांच्या नावानं टेकडीवर झाड लावायचंय."

मले हासूबी आलं अन् डोळेबी भरले. म्हनलो, "साहेब, आपन काहीच नाई कराचं."

तो मानूस समजला. रोप माह्या हाती देऊन गेला. मी ते आंगनात लावलं, अन् दुसऱ्याच दिवशी माह्या बकरीनं खाल्लं. बायको बकरीले अन् मले एकाच दमात शिव्या देत होती.

मी खराटा उचलला, मोहाखाली गेलो, भाऊची जागा पह्यले झाडली. झाडलेल्या मातीवर टपकन एक फूल पडलं. मी उकिडवा बसून पाहत राह्यलो. वेचलं नाई. काहीच नाई केलं.